कारणाचा रकाना

सिग्नल लाल होता. गाडी रेषेच्या आत, जिथं उभी राहायला हवी तिथंच उभी होती, हँडब्रेक ओढलेला होता, आणि परीक्षा द्यायला बसलेल्या बाईचा क्लचवरचा गुडघा शिवणयंत्रासारखा थडथडत होता. तिनं स्टिअरिंगवरचा एक हात काढला, गुडघ्यावर ठेवला आणि कुणाला ऐकू जाऊ नये अशा बेतानं त्याला म्हणाली, "बस हं. बस आता. झालंच आपलं." एवढंच. गुडघा काही थांबला नाही, पण तिनं त्याला असं समजावलं, आणि शेजारी मांडीवर कागद लावलेली फळी घेऊन बसलेल्या परीक्षकाच्या डोळ्यांना धार लागली. पहिल्यांदा त्याला वाटलं, भडका आला असेल. भडका हा शब्द त्यानं स्वतःपुरता ठरवला होता. दवाखान्यातल्या कागदावर उष्णतेची लाट असं लिहिलं होतं, पण लाट म्हटलं की आली आणि गेली असं वाटतं, आणि हे प्रकरण छातीच्या मध्यावर पेटायचं, मानेवरून कानांत शिरायचं आणि पाच-पाच मिनिटं तिथं ठाण मांडून बसायचं. आजचं तसं नव्हतं. कान गार होते, कॉलर कोरडी होती. फक्त डोळे गळत होते. सिग्नल हिरवा झाला. बाईनं आरसा पाहिला, हँडब्रेक सोडला, आणि गाडी धक्का न खाता निघाली. "पुढच्या चौकात डावीकडे," तो म्हणाला. आवाज नेहमीसारखाच सपाट होता. हनुवटीवरून पाणी टायवर टपकत होतं, ते त्यानं पुसलं नाही, कारण पुसलं तर ते आहे असं कबूल केल्यासारखं झालं असतं.

एकतीस वर्षं तो हे वाक्य बोलत आला होता. पुढच्या चौकात डावीकडे. सोयीच्या जागी थांबा. आता गाडी मागे घ्या. अशी चौदा वाक्यं नियमावलीत छापलेली होती, आणि वाहन परवान्याच्या परीक्षेच्या चाळीस मिनिटांत परीक्षकानं शक्यतो त्यापलीकडे तोंड उघडू नये अशी अपेक्षा होती. बाकीचे परीक्षक हवापाण्याच्या गप्पा मारत, घाबरलेल्याला धीर देत, कधी कधी चूक होण्याआधीच घसा खाकरत. तो तसलं काही करत नसे. त्याच्या पायाशी स्वतःचा वेगळा ब्रेक होता, हातात पेन होतं, आणि चेहऱ्यावर काही नव्हतं. ड्रायव्हिंग स्कूलवाले त्याला खांब म्हणत. "तुझी परीक्षा कुणाकडे?" "खांबाकडे." "मग पुढची तारीख आत्ताच घेऊन ठेव." हे त्याच्या कानावर आलेलं होतं आणि त्याला त्याचं वाईट वाटलं नव्हतं. खांबाला गाडी धडकली तर दोष खांबाचा नसतो, एवढंच त्याला त्यात दिसायचं. वडील गेले तेव्हा शववाहिकेच्या मागं चालताना तिचा एक ब्रेक लाइट बंद असल्याचं त्याच्या लक्षात आलं होतं, आणि सगळं आटोपल्यावर त्यानं ड्रायव्हरला बाजूला घेऊन ते सांगितलं होतं. धाकटी बहीण त्यावरून वर्षभर त्याच्याशी बोलली नाही. रडू आलंच नव्हतं असं नाही. ते आसपास कुठंतरी होतं. पण आपण रडलो तर ते खरं वाटेल का, की लोक आहेत म्हणून रडतोय असं आपल्यालाच वाटेल, या विचारात वेळ गेला, आणि मग माणसं पांगली. त्याची बायको घरीच दातांच्या कवळ्या बनवायची. पुढच्या खोलीत प्लास्टरचे जबडे ओळीनं वाळत पडलेले असत, आणि माणसाचं तोंड उघडलं की तिला त्याचा स्वभाव दिसतो असा तिचा दावा होता. त्याच्या तोंडात एकदा टॉर्च मारून ती म्हणाली होती, "मागच्या दाढा पार सपाट झाल्यात हो तुमच्या. नुसतं आवळून आवळून. एवढं काय धरून ठेवता, देव जाणे."

सात महिन्यांपूर्वी त्याची प्रोस्टेटची ग्रंथी काढली. गाठ कर्करोगाची होती, पण वेळेवर सापडली, असं डॉक्टर म्हणाले, आणि तो शब्द एकदाच उच्चारून सगळ्यांनी बाजूला ठेवून दिला. कार्यालयात त्यानं रजेच्या अर्जावर 'शस्त्रक्रिया' एवढंच लिहिलं. नळी निघाली, टाके सुकले, आणि मग खरं काम सुरू झालं. शिंकताना, जिना उतरताना, गाडीतून बाहेर पडताना थेंब निसटू नये म्हणून दिवसातून तीनदा आतले स्नायू आवळून दहापर्यंत आकडे म्हणायचे. आवळून धरण्यात त्याचा हातखंडा होताच, त्यामुळं दवाखान्यातल्या सिस्टरनं दोन महिन्यांत शाबासकी दिली आणि पॅड दिवसाला चारावरून एकावर आलं. पण चौथ्या महिन्यात रक्तातला एक आकडा, जो शून्याला चिकटून राहायला हवा होता, तो किंचित वर सरकला. मग किरणोपचार झाले, आणि दर तीन महिन्यांनी पोटात एक इंजेक्शन सुरू झालं. पुरुषाच्या अंगातल्या ज्या रसावर त्या पेशी पोसतात तो रसच बंद करायचा, म्हणजे त्या उपाशी मरतील, असा त्यामागचा विचार. दीड वर्ष. सिस्टरनं त्याला समोर बसवून, बाजारातून आणायच्या वस्तू सांगाव्यात तशा सुरात, काय काय होईल ते सांगितलं होतं: भडके, थकवा, छाती दुखरी होणं, वजन वाढणं, इच्छा मरणं, आणि मन हळवं होणं. "इंजेक्शन आपल्या मनानं सोडायचं नाही. त्याच्यासोबत नांदायचं," ती म्हणाली, आणि तिनं एक तक्ता दिला. वेळ, काय झालं, एक ते दहात किती, आणि तेव्हा काय करत होता. तक्ता मात्र त्याला मनापासून आवडला. भडका, सहा, फाइल चाळत होतो. भडका, आठ, कढत चहा पीत होतो. मग चहा कोमट झाला, टेरिकॉटचे शर्ट जाऊन सुती आले, टेबलावर वीतभर पंखा आला, आणि संध्याकाळी तासभर चालणं सुरू झालं. आठांचे सहा झाले, सहांचे पाच. छाती दुखायची म्हणून फळी छातीशी न धरता मांडीवर धरायची सवय त्यानं लावून घेतली. सगळं कसं हाताखाली आलं होतं. फक्त एका कागदात गोम होती. कार्यालयात दर वर्षी भरायच्या माहितीपत्रकात 'चालू औषधे' असा रकाना होता, आणि मनावर किंवा लक्षावर परिणाम करणारं औषध चालू असलेल्या परीक्षकाला वैद्यकीय मंडळाचा दाखला मिळेपर्यंत परीक्षेच्या गाडीत बसता येत नसे. मंडळ काय गतीनं चालतं ते सगळ्यांना ठाऊक होतं. त्याच्या नोकरीची दोन वर्षं उरली होती, आणि ती त्याला खिडकीमागं बसून अर्जांवर शिक्के मारण्यात घालवायची नव्हती. त्या रकान्यात त्यानं 'नाही' असं लिहिलं. एकतीस वर्षांत कागदावर लिहिलेली ती त्याची पहिली खोटी गोष्ट.

बाई डावीकडे वळली आणि वळताना तिची नजर त्याच्यावर पडली. तिनं पुढं पाहिलं, परत त्याच्याकडे पाहिलं. "साहेब?" ती म्हणाली. त्यानं नजर रस्त्यावरच ठेवली. "साहेब, दुखतंय का कुठं?" "सरळ चालू ठेवा," तो म्हणाला, आणि त्याच वेळी त्याच्या घशातून एक आवाज निघाला, लहान पोर रडून दमल्यावर काढतं तसला, जो आपला आहे हे त्याला क्षणभर कळलंच नाही. बाईनं आरसा पाहिला, इशारा दिला आणि गाडी कडेला घेऊन उभी केली. चारी दिवे लुकलुकत ठेवले. पिशवीतून पाण्याची बाटली काढून झाकण उघडून त्याच्यापुढं धरली. ते ठिकाण अग्निशमन केंद्राच्या फाटकासमोरचं होतं, रस्त्यावर फाटकाएवढ्या रुंदीची पिवळी जाळी रंगवलेली, तिथं क्षणभरही थांबायचं नसतं. त्याला ती जाळी दिसत होती. "छातीत कळ आलीय का? हात जड झालाय?" ती विचारत होती. "दवाखान्यात नेते. मला रस्ता माहितीये." त्यानं मान हलवली. पाणी प्यायला. तिनं पाठीवर हात ठेवला नाही, नुसती स्टिअरिंगवर हात ठेवून समोर बघत बसून राहिली. तीन मिनिटं गेली असतील. इतक्या शांतपणे आपल्या शेजारी कुणी बसून राहिलंय असं त्याला फार वर्षांत आठवत नव्हतं. मग त्यानं चेहरा पुसला आणि म्हणाला, "परीक्षा पुढं चालू." तिनं उरलेली सगळी परीक्षा बिनचूक दिली. गाडी मागं घेऊन दोन गाड्यांच्या मधे अशी लावली की त्याला पेन उचलावंच लागलं नाही.

कार्यालयाच्या आवारात आल्यावर त्यानं कागद पुरा केला. किरकोळ चुका तीन. गंभीर चूक एक: थांबण्यास मनाई असलेल्या जागी वाहन उभे केले. गंभीर चूक एक झाली की माणूस नापास. हातानं ते इतक्या सवयीनं लिहिलं की मनाला मधे पडायला वेळच मिळाला नाही. "नापास," तो म्हणाला आणि कागदाची प्रत तिला दिली. तिनं चष्मा लावून ती वाचली. "हो, ती जाळी," ती म्हणाली. "बरोबर आहे साहेब. दोन हात पुढं जाऊन थांबायला हवं होतं." मग उतरताना वाकून म्हणाली, "पण तुम्ही दाखवून घ्या हं डॉक्टरला. अंगावर काढू नका." तिनं तक्रार केली असती, तोंड वाकडं केलं असतं, तर निभावून गेलं असतं; त्यासाठी त्याच्याकडे एकतीस वर्षांचा सराव होता.

तिचा अर्ज त्यानं दुपारी परत काढून पाहिला. वय त्रेपन्न. ही चौथी खेप, म्हणजे आता सहा महिने अर्ज करता येणार नाही. परवाना कशासाठी हवा, त्यापुढं तिनं गोल, शाळेतल्या अक्षरात लिहिलं होतं: वाचनालयाच्या फिरत्या गाडीसाठी. सोबत वाचनालयाचं पत्र जोडलेलं होतं: गाडीचा चालक निवृत्त होत होता. ती तिथंच आत पुस्तकं देण्याघेण्याचं काम करत होती. महिनाअखेरपर्यंत परवाना मिळाला तर जागा तिची, नाहीतर बाहेरचा माणूस. परीक्षकाला आपला निकाल एकवीस दिवसांच्या आत दुरुस्त करता येत असे, त्यासाठी एक पिवळट अर्ज होता, आणि तो त्यानं आजवर कधी हातात धरला नव्हता. घरी आल्यावर त्यानं तक्त्यात लिहिलं: रडणे, नऊ, परीक्षा घेत होतो. मग बायकोला सांगितलं. ती दिव्याखाली एका कवळीचे दात घासून समान करत होती. ऐकता ऐकता तिनं यंत्र बंद केलं. "तुम्ही रडलात?" "औषधामुळं." "अहो, पण रडलात." तिला त्यातलं तेवढंच दिसलं होतं. मग तिच्या डोक्यात बाकीचं शिरलं. "आणि त्या बाईला नापास केलंत? तुमच्यासाठी थांबली म्हणून?" "जाळीवर थांबली म्हणून." बायको यंत्र परत चालू करून म्हणाली, "धन्य आहे तुमची."

टोचत होतं. हे त्याला साफ कळत होतं की टोचतंय. जेवताना, दात घासताना, स्नायू आवळून आकडे म्हणताना, सहा म्हणता म्हणता बाटलीचं उघडलेलं झाकण त्याच्या डोळ्यांपुढं यायचं आणि मोजणी चुकायची. पण ही टोचणी आपली आहे की पोटात टोचलेल्या औषधाची, हे कळायला मार्ग नव्हता. तीन महिन्यांपूर्वीपर्यंत हजारो माणसं त्यानं नापास केली होती आणि संध्याकाळी गाढ झोपला होता. त्यात नोकरीला मुकलेले होते, हमसून रडलेले होते, एक नवरदेव होता. त्यांच्यातलं कुणी घरापर्यंत आलं नव्हतं. मग ही बाईच का? रस बंद केल्यावर माणसाचं मन हळवं होतं, सिस्टरनं सांगितलंच होतं. म्हणजे हे दुःखसुद्धा भडक्यासारखंच, आत काही नसताना नुसतं पेटणारं. अशा वेळी निकाल बदलणं म्हणजे दारूच्या अमलाखाली सही करण्यासारखं झालं असतं. आणि दुरुस्तीच्या अर्जात खरं लिहायचं तर औषधाचं लिहावं लागणार, माहितीपत्रकातलं 'नाही' उघडं पडणार, परीक्षेची गाडी हातातून जाणार. या दुसऱ्या कारणामुळं आपल्याला पहिलं कारण इतकं पटतंय का, हाही विचार त्याच्या मनात येऊन गेला, आणि त्यानं तो येऊन जाऊ दिला.

गुरुवारी सिस्टरनं तक्ता पाहिला. "भडके छान आटोक्यात आलेत की," ती म्हणाली. मग तिचं बोट खाली सरकलं. "रडणं, नऊ. रडणं, सात. हे काय नवीन?" "तेच विचारायला आलोय. हे माझं की तुमच्या इंजेक्शनचं?" सिस्टर हसली. मोठ्या अंगाची, गुडघेदुखीनं लंगडत चालणारी बाई होती ती, आणि हजारो पुरुषांच्या पँटा उतरवून झाल्यामुळं तिला कुणाचंच दडपण उरलेलं नव्हतं. "रडणं कुणाचं असतं हो काका? ज्याचे डोळे त्याचं." "तसं नाही. मोजता येईल असं सांगा." "मोजायचं मशीन नाही आमच्याकडे. त्रास होतोय ना? मग डॉक्टर गोळी देतील. भडक्यांनाही बरी असते आणि मनही जरा जागेवर राहतं. दहा-पंधरा दिवस लागतात लागू पडायला." डॉक्टरांनी गोळी लिहून दिली, तोंड कोरडं पडेल आणि जांभया येतील म्हणून सांगितलं. बाहेर पडताना त्याच्या मनात आलेली गोष्ट त्याला इतकी सोयीची वाटली की तो पायरीवर थबकला. गोळी घ्यायची. पंधरा दिवसांनी टोचणी गेली तर ती औषधाची होती. राहिली तर आपली. गाडी कुठल्या बाजूला ओढतेय हे पाहायचं असेल तर स्टिअरिंग सोडून बघायचं, तसं. तोवर काही ठरवायचं नाही, आणि एकवीस दिवस होतेच.

परीक्षेनंतर आठव्या दिवशी तो वाचनालयात गेला. का गेला ते त्याला सांगता आलं नसतं. पाय दुखतील इतकं चालायचा त्याचा नेम होताच, त्या दिवशी चालणं तिकडून झालं. आवारात फिरती गाडी उभी होती, फिकट निळी, एका चाकाजवळ मांजर झोपलेलं. आत बाई टेबलामागं परत आलेली पुस्तकं वेगळी लावत होती. तिनं त्याला ओळखलं आणि तिचा चेहरा उजळला, ज्याची त्याला मुळीच अपेक्षा नव्हती. "कशी आहे तब्येत?" "बरी." "दाखवलंत ना?" "दाखवलं. गोळ्या चालू आहेत." "छान केलंत." काहीतरी विचारायलाच हवं म्हणून त्यानं गाडीचं विचारलं. "माणूस ठरलाय," ती म्हणाली. "एक तारखेपासून येतो म्हणालाय. तरुण आहे, पुस्तकाचं काही गम्य नाही त्याला, पण गाडी चालवतो. मी आपली आतच बरी. तसंही गुडघा ऐकत नाही माझा." ती हसली आणि परत पुस्तकं लावू लागली. एका वस्तीत तीन आज्या गाडीची वाट बघत रस्त्यावर खुर्च्या टाकून बसतात, त्यांना कोणतं पुस्तक द्यायचं ते त्या नव्या माणसाला लिहून देतेय, असंही तिनं सांगितलं. कागद टेबलावरच होता. रस्त्यावर आल्यावर त्याला हुंदका आला आणि त्यानं भिंतीकडे तोंड करून, बुटाची नाडी बांधायचं निमित्त काढून, तो जाऊ दिला. तक्त्यात त्यानं लिहिलं: रडणे, आठ, चालत होतो.

तेराव्या दिवसापासून गोळी लागू पडली. ते एखाद्या नळाचं टपटपणं बंद व्हावं तसं झालं. थांबल्यावर बऱ्याच वेळानं लक्षात आलं. तोंड खडखडीत कोरडं झालं, त्यासाठी त्यानं खिशात खडीसाखर ठेवली. परीक्षा चालू असताना जांभया येत, त्या तो मिटल्या तोंडानं देई. भडके दिवसाला एखाददुसरा, तोही दोन-तीनचा. आणि रडणं नाही. त्यानं मुद्दाम बाईला आठवून पाहिलं. गुडघा आठवला, बाटली आठवली, तीन आज्या आठवल्या. काही हललं नाही. कुणा तिऱ्हाइताच्या घरातली हकिगत ऐकावी तसं ते सगळं बिनबोभाट समोरून गेलं. त्याला हायसं वाटलं. चला, निकाल लागला, औषधच होतं, असं तो स्वतःशी म्हणाला, आणि बायकोलाही म्हणाला. "बरं झालं," बायको म्हणाली, पण ते बरं झालं असं तिच्या सुरावरून वाटलं नाही. जेवताना ती म्हणाली, "ते दोन आठवडे तुम्ही झोपेत दात नव्हता खात." त्यानं पाणी मागितलं.

एकोणिसाव्या दिवशी कारकुनानं त्या आठवड्याचे जुने कागद सहीसाठी टेबलावर आणून ठेवले. एकदा परीक्षकाची शेवटची सही झाली की ते कपाटात जात आणि पुन्हा कुणी त्यांना हात लावत नसे. तो एकेक वाचून सही करत होता. वाचल्याशिवाय सही करायची नाही ही त्याची खोड सगळ्या कार्यालयाला माहीत होती. तिचा कागद आला. त्यानं तो इतरांसारखाच वाचला, कुणा परक्या परीक्षकानं भरलेला असावा तसा. थांबण्यास मनाई असलेल्या जागी वाहन उभे केले. त्यापुढं 'कारण' असा रकाना होता, आणि तो कोरा होता. एकतीस वर्षांत त्यानं रकाना कोरा ठेवलेला नव्हता. नियम त्याला तोंडपाठ होता: वाहनात आणीबाणीची परिस्थिती उद्भवल्यास चालकाने वाहन तात्काळ कडेला घेणे, ही चूक धरू नये. शेजारचा माणूस असा हुंदके द्यायला लागला, त्याला बोलता येईना, ही आणीबाणी नव्हे तर काय? तिनं आरसा पाहिला होता, इशारा दिला होता, चारी दिवे लावले होते. चूक तिची नव्हती. टोचत काही नव्हतं. त्यानं आत चाचपून पाहिलं, खरंच काही नव्हतं, कोरडं ठणठणीत होतं. निकाल मात्र चुकलेला होता. पंधरा दिवस तो टोचणी कुणाची याची वाट बघत बसला होता, आणि निकाल या सगळ्याच्या पलीकडे, जसा पहिल्या दिवशी चुकला होता तसाच चुकलेला, कागदावर बसून होता. त्यानं कारकुनाकडे दुरुस्तीचा अर्ज मागितला. कारकुनाला तो शोधायला वेळ लागला.

मोठे साहेब त्याच्यापेक्षा वयानं आठ वर्षांनी लहान होते आणि कधीकाळी त्याच्याच शेजारी बसून परीक्षा घ्यायला शिकले होते. त्यांनी अर्ज वाचला, चष्मा काढला, परत लावला. "परीक्षक रडत होता," त्यांनी मोठ्यानं वाचलं. "परीक्षक म्हणजे तुम्ही?" "दुसरा कुणी नव्हता गाडीत." "चालू औषधे," साहेब पुढं वाचू लागले. नावं वाचून त्यांना बाकीचं कळलं असावं, कारण त्यांचा आवाज खाली आला. "सांगायचं तरी होतंत." "हो. माहितीपत्रकात खोटं लिहिलं, त्याचाही वेगळा कागद जोडलाय." साहेबांनी तोही पाहिला. मग दार लोटून घेतलं आणि खुर्ची जवळ ओढली. "हे बघा. निकाल बदलतो, त्या बाईंना आजच कळवतो, परवाना दोन दिवसांत हातात. ते सोडा. पण कारणाच्या रकान्यात तुम्ही हे जे लिहिलंय ते नाही चालायचं. तिथं सरळ 'औषधाचा परिणाम' असं लिहा. म्हणजे मंडळ म्हणेल, औषध संपलं की विषय संपला. वर्ष-सव्वा वर्षानं परत गाडीत बसाल. माझ्या हातात आहे तेवढं मी करतो." त्यांना खरोखरच आपल्याबद्दल वाटत होतं, हे त्याला दिसलं. त्यांनी पेनसुद्धा पुढं केलं.

त्यानं पेन घेतलं. रकान्याकडे पाहिलं. साहेब म्हणाले ते खरं असण्याचा संभव बराच होता. गोळी घेतली आणि रडणं थांबलं, हे तर डोळ्यांसमोर घडलेलं. पण गोळीनं भडके कमी झाले, जांभया आल्या, झोपेतलं दात खाणं परत सुरू झालं. गोळीनं काय काय थांबवलं त्याची यादी कुणाकडे नव्हती. आणि सिग्नलला ती बाई आपल्या भेदरलेल्या गुडघ्याशी ज्या मायेनं बोलली, तसं आपल्या कुठल्याच अवयवाशी, कुठल्याच माणसाशी आपण कधी बोललो नाही, हे त्या क्षणी त्याला समजलं होतं की नाही, तेही आता कोरड्या तोंडानं सांगता येत नव्हतं. "जे पाहिलं नाही ते परीक्षकानं लिहायचं नसतं," तो म्हणाला. "तुम्हाला मीच शिकवलंय." "अहो, पण मग कारण काय लिहिणार?" "लिहिलंय तेच राहू द्या." साहेबांनी अर्ज परत उचलून वाचला. कारण, त्यापुढं: माहीत नाही. "कारणच माहीत नाही म्हटल्यावर मंडळ परत बसू देणार नाही, तुमची गाडी कायमची जाईल, कळतंय ना?" "कळतंय." त्यानं खिशातून परीक्षेच्या गाडीची किल्ली काढून टेबलावर ठेवली, पेन टोपण लावून परत केलं आणि बाहेर आला. बाहेरच्या दालनात परीक्षेसाठी आलेली माणसं भिंतीकडेच्या खुर्च्यांवर ओळीनं बसली होती, कुणी नियमांचं पुस्तक चाळत, कुणी नखं खात. एकानं त्याला पाहून शेजारणीला कोपरानं ढोसलं: खांब. एक खुर्ची रिकामी होती, तिच्यावर तो बसला. त्यांच्यात तो कधीच बसला नव्हता, म्हणून दोन्ही बाजूंची माणसं जरा सरकली. आता रडू यायला हरकत नव्हती. त्यानं वाट पाहिली. काही आलं नाही, आणि ते यावं असं त्याला फार, फार वाटत होतं.